मोजणी आणि पडताळणी : रायपूर परिसरातील भूमापनाचा एक पाठ

रायपूरच्या सदर बाजारात सराफाच्या पेढीवर सोने गिऱ्हाइकासमोर तोलले जाते. तोलाविषयी शंका आलीच, तर शेजारच्या पेढीवर दुसरा काटा असतो. याच शहराभोवतीच्या धानशेतीच्या मोजणीला मात्र असा दुसरा काटा क्वचितच लाभला. मोजणीदार येतो, मोजतो आणि निघून जातो. मागे उरतो तो कागद. मोजणी काळजीने झाली की नुसती उरकली गेली, हे कागद सांगत नाही. मोजणीदारांच्या कामाचा दर्जा इतका असमान का राहिला, या प्रश्नाचे उत्तर सहसा व्यक्तीच्या कसबात वा सचोटीत शोधले जाते. ते उत्तर कामाची फेरतपासणी कोण व कशी करीत असे यात शोधावे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस भोसल्यांचे सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी छत्तीसगडात परगणा पद्धती आणली. कमाविसदार व फडणवीस यांच्या जोडीला बरारपांडे आला. गावनिहाय सारा ठरविणे हे त्याचे काम. आकारणी गावाची होई, गावातील वाटणी गावकरी करीत. या वाटणीचे सर्वांत बोलके रूप म्हणजे ‘लाखाबाटा’. कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशा निरनिराळ्या जातींच्या जमिनीचे तुकडे प्रत्येकाच्या वाट्याला यावेत, अशा रीतीने शेते अधूनमधून नव्याने वाटली जात. या वाटणीत गौंटियाचा शब्द जड असे, हे विसरता येत नाही. माप ढोबळ होते. परंतु चूक कायमची होत नसे. शिवाय जमिनीची प्रत ठरविणाऱ्यालाच पुढे ती कसावी लागण्याचा संभव असे. फेरतपासणी व्यवहारातच सामावलेली होती.

याउलट मुंबई इलाख्यात फेरतपासणी बाहेरून आणावी लागली. 1820 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांनी केलेली पाहणी सिद्धान्ताच्या दृष्टीने महत्त्वाकांक्षी होती. निव्वळ उत्पन्नावर सारा बसविण्याचा तिचा हेतू होता. पण मोजणीतील दोष आणि उत्पन्नाचे चुकीचे अंदाज यांमुळे ती फसली. 1835 नंतर इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धती उभारली. मोजणीदार आणि प्रतवारी करणारे कारकून याही पद्धतीत एतद्देशीयच होते. बदलले ते एवढेच की, त्यांच्या कामापैकी काही भाग वरिष्ठाने स्वतः शेतावर जाऊन पुन्हा मोजावा, हे कामाचे अंग बनले. 1847 च्या संयुक्त अहवालाने ही रीत पक्की केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, टिपणावर लिहिलेले आकडे आणि प्रतिबुकातील नोंदी यांना त्यातून अधिकार मिळाला. टिपण हे प्रमाणबद्ध चित्र नव्हे, ते आकड्यांचे कथन आहे. त्याची विश्वासार्हता कथनाबाहेरील साक्षीवर उभी असते.

रायपुरात ह्यूइट यांचा बंदोबस्त 1860 च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाला. मालगुजाराची मालकी आणि रयतेचे हक्क कागदावर स्थिर झाले, तसतशी लाखाबाट्याची चाल मागे पडत गेली. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. पूर्वी ढोबळ मापातील चूक पुढच्या वाटणीत सुधारत असे. आता तीच चूक खसऱ्यात गोठली. 1880 च्या दशकातील फेरमोजणीत गावाची चौकट भारतीय सर्वेक्षण विभागाने थिओडोलाइटने बांधून दिली, तर आतील शेते पटवाऱ्यांनी भरली. एकाच नकाशात कौशल्याचे दोन थर आले. चौकटीवरचा विश्वास नकळत आतल्या रेषांनाही लाभला. आजही सीमांकनाला सुरुवात करावी लागते ती ‘चांदा’ या स्थिर बिंदूपासून. तो दगडच नांगराखाली गेला, तर उपकरण कितीही सूक्ष्म असो, मोजणी नेमकी कोठून करावी हाच वाद होतो. एकाच बांधाच्या दोन मोजण्या जुळत नाहीत, तेव्हा दोष मोजणीदाराचा, दगडाचा की मूळ नकाशाचा, हे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. त्याच्या वाट्याला येतात त्या कचेरीच्या खेपा.

या अनुभवाचा साहित्यातील पडसाद शोधताना माधवराव सप्रे यांच्याकडे वळावे लागते. मराठीभाषक घरातल्या, पुढे रायपुरात स्थायिक झालेल्या सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी कथा 1901 साली ‘छत्तीसगढ़ मित्र’मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या वाड्याचे आवार वाढवू पाहणारा जमीनदार वकिलांच्या बळावर न्यायालयातून विधवेच्या झोपडीचा ताबा मिळवतो. कागदाचा निवाडा पुरा होतो. पण विधवा जमिनीचे माप बदलते : ती क्षेत्र मोजत नाही, टोपलीभर माती त्याला उचलायला सांगते. नैतिक कथा म्हणून ही कथा पुष्कळ वाचली गेली आहे. भूमापनाच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचल्यास तिच्यात एक फेरतपासणी दिसते. न्यायालयाने ज्याची तपासणी केली नाही, ते येथे ताबेदाराच्या स्वतःच्या हातांनी, मूळ मालकिणीच्या डोळ्यांदेखत तपासले जाते. पटवाऱ्याच्या खसऱ्याला आणि मोजणीदाराच्या टिपणाला नेमका हाच साक्षीदार बहुधा मिळाला नाही.