सबमॉड्यूल : तुटलेले दुवे आणि दुरुस्ती

गिटमध्ये एका रिपॉझिटरीच्या पोटात दुसरी स्वतंत्र रिपॉझिटरी ठेवण्याची सोय. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली गिट लिहिले. ही सोय २००७ मध्ये आली. आतल्या रिपॉझिटरीच्या फाइली बाहेरच्या रिपॉझिटरीत साठत नाहीत. साठतो तो एका कमिटचा क्रमांक, पत्ता ‘.गिटमॉड्यूल्स’ या फाइलीत असतो. या दोन नोंदींचा मेळ बसला नाही, की गिटहबवर फोल्डर दिसतो पण उघडत नाही.

समजा, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांच्या पाणीटंचाईची माहिती दोन रिपॉझिटऱ्यांत आहे आणि त्या एका सामाईक रिपॉझिटरीत घ्यायच्या आहेत. मुरबाडचा क्लोन केलेला फोल्डर आत आणून सरळ ‘गिट ॲड’ केले, तर गिट इशारा देते, पण अडवत नाही. क्रमांक नोंदला जातो, पत्ता राहून जातो. नवख्यांचा दुवा बहुधा इथेच तुटतो. ‘गिट आरएम --कॅश्ड’ने ती नोंद काढावी आणि पत्त्यासह ‘गिट सबमॉड्यूल ॲड’ करावे. ‘--कॅश्ड’ विसरू नये. त्यामुळेच डिस्कवरचा फोल्डर शाबूत राहतो.

पत्ता जुना झाल्यानेही दुवा तुटतो. गिटहबने १५ मार्च २०२२ पासून ‘गिट://’ने सुरू होणारे पत्ते कायमचे बंद केले. अशा वेळी ‘.गिटमॉड्यूल्स’मधला पत्ता बदलून कमिट करावा. ज्यांच्याकडे आधीचा क्लोन आहे त्या प्रत्येकाने ‘गिट सबमॉड्यूल सिंक’ चालवावे, कारण जुना पत्ता त्यांच्या संगणकावरच्या सेटिंगमध्ये उतरलेला असतो.

सापेक्ष पत्त्यांचे दुखणे वेगळे. लिबरऑफिसच्या मुख्य रिपॉझिटरीत भाषांतरे सबमॉड्यूल म्हणून जोडली आहेत, मराठीही त्यांतच; पत्ता ‘../ट्रान्सलेशन्स’ असा. मूळ खात्यात तो चालतो. मुख्य रिपॉझिटरी तेवढी फोर्क केली, तर तोच पत्ता फोर्क करणाऱ्याच्या खात्यात भाषांतरे शोधतो आणि तिथे ती नसतात. पूर्ण पत्ता द्यावा किंवा भाषांतरेही फोर्क करावीत.

सर्वांत गंभीर बिघाड म्हणजे क्रमांक आहे, पण तो कमिट सर्व्हरवर नाही. आतली रिपॉझिटरी पुश न करता बाहेरची केली, की असे होते. तो कमिट तेव्हा बहुधा एकाच माणसाच्या संगणकावर असतो. म्हणून आधी त्या माणसाला गाठावे, त्याच्याकडून पुश करून घ्यावे; तोवर कोणीही फोल्डर पुसू नये. पुढे ‘गिट पुश’ला ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स=चेक’ जोडले, की आतले काम राहिले असल्यास गिट बाहेरचे पुश थांबवते.