लखनौच्या आसमंतातील वीटभट्टी

लखनौहून कानपूरकडे निघालेला रस्ता अमौसीचा विमानतळ मागे टाकून सरोजिनी नगरच्या हद्दीत पुढे जातो, तेव्हा प्रवाशाची दृष्टी साहजिकच 1972 साली स्थापन झालेल्या आणि 2021 साली निकालात निघालेल्या स्कूटर्स इंडियाच्या विस्तीर्ण आवाराकडे वळते. परंतु या मुलखाचा खरा जुना कारखाना म्हणजे वीटभट्टी, आणि इंधनाच्या काटकसरीचा जो इतिहास आपण एरवी गिरण्यांच्या दप्तरांत शोधतो, तो येथे उघड्या शेतात, मातीच्या खंदकात घडलेला आहे.

नद्यांच्या गाळाने घडलेल्या या प्रदेशात दगड दुर्मीळ. नबाब असफउद्दौल्याने 1784 च्या सुमारास, दुष्काळात रयतेला काम मिळावे म्हणून उभारलेला बडा इमामबाडा, ज्याच्या सुमारे 50 मीटर लांब दालनाच्या कमानी छताला एकाही तुळईचा आधार नाही, तो लखौरी विटा आणि चुना यांचाच आहे. लखौरी वीट भाकरीसारखी पातळ, त्यामुळे आच तिच्या गाभ्यापर्यंत लवकर मुरे. मात्र ज्या पजाव्यात विटा भाजल्या जात, तो भलताच उधळ्या होता: गोवऱ्या, लाकूड आणि केरकचरा यांच्या थरांत कच्च्या विटा रचून आग लावावयाची, आणि ती विझली की विटांत साठलेली सारी उष्णता वाऱ्यावर सोडून पुढच्या पजाव्याचा आरंभ पुन्हा थंड मातीपासून करावयाचा.

ही उधळपट्टी थांबविण्याची युक्ती जर्मनीत फ्रीडरिश हॉफमनने शोधली आणि 1858 साली तिचे पेटंट घेतले. विटा जागच्या जागी ठेवून आगच वर्तुळात फिरती ठेवावयाची. भाजून झालेल्या विटांवरून येताना हवा तापते, आणि पुढे जाणारा ऊन धूर कच्च्या विटांना वाळवीत, तापवीत जातो. हॉफमनच्या भट्टीचे पक्के कमानी छत मात्र खर्चाचे होते. बुल नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1876 साली हिंदुस्थानात ते छतच काढून टाकले, जमिनीत खंदक खोदला, विटांवर राखेचे आच्छादन घातले आणि सरकती पत्र्याची धुराडी वर उभी केली. बुलसाहेबाचे नाव भट्टीला कायमचे चिकटले. ती शंभरावर वर्षे प्रत्यक्षात चालविली ती प्रतापगढकडच्या जलाई मिस्त्रींनी, म्हणजे आच सांभाळणाऱ्या कारागिरांनी, आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

या मिस्त्रीचे काम जवळून पाहण्यासारखे असते. तापलेल्या राखेवरून तो लाकडी खडावा घालून चालतो, आकड्याने लोखंडी झाकण उचलतो, आतल्या विटांचा रंग निरखतो आणि भरडलेला कोळसा पळीने थोडाथोडा सोडतो. कोळसा एकदम ओतला तर तो अर्धवट जळतो, धुराडे काळे ओकते आणि मालकाचा पैसा आकाशात जातो. कमी आचेने वीट पिवळी राहते, अति आचेने वितळून तिचा झामा होतो. अव्वल आणि दोयम यांतले अंतर मिस्त्रीच्या नजरेवर अवलंबून.

1996 साली केंद्र सरकारने भट्ट्यांच्या धुरासाठी मानके ठरविली आणि सरकती धुराडी हद्दपार होऊन पक्की उंच धुराडी आली. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने नागमोडी मांडणीच्या भट्टीवर 1970 च्या दशकातच काम केले होते. पण धंद्यात ती सर्वत्र रुजायला पुढची कित्येक दशके गेली. हिच्यात विटांची थप्पी अशी रचतात की वारा सरळ न जाता वळणे घेत जातो, कोळशात नीट मिसळतो आणि सुमारे पाचवा हिस्सा कोळसा वाचतो. यंत्र जवळजवळ काहीच नवे नाही. सारी करामत भराई करणाऱ्या मजुराच्या हातची. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राने फर्मान काढले: लखनौसारख्या प्रदूषित शहरांपासून 10 किलोमीटरच्या आत असलेल्या भट्ट्यांनी एका वर्षात, इतरांनी दोन वर्षांत ही रचना किंवा नैसर्गिक वायूसारखे इंधन स्वीकारावे. कोळशाचा भाव जे शिकवू शकला नाही, ते मुदतीच्या धाकाने शिकविले, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या कुंभारांनी मात्र निराळी वाट धरली. बुलसाहेबाचा खंदक महाराष्ट्रात फारसा रुजला नाही. पजाव्यासारखी थप्पीची भट्टीच चालू राहिली. पण काळी माती तडकू नये म्हणून तिच्यात भाताचे तूस आणि राख कालविण्याची रीत येथे जुनी, आणि त्यामुळे विटेच्या पोटातच थोडे जळण भरले जाते. 1999 साली केंद्राने औष्णिक विद्युत केंद्रांच्या आसपास 50 किलोमीटरच्या परिसरात विटांत राख मिसळणे सक्तीचे केले, तेव्हा आपल्या कित्येक भट्टीवाल्यांना त्यात नवे काही वाटले नसावे. गंगेकाठच्या मऊ मातीवर वाढलेल्या भट्टीवाल्यांना मात्र मातीत काही कालविणे हेच मुळी अपरिचित होते.