हापूसचे भौगोलिक मानांकन: नोंदणी कशी होते, हक्क कसा बजावायचा?

सानपाड्याला लागून असलेल्या मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळ बाजारात हंगामात कोकणच्या हापूसबरोबर कर्नाटकातील आंबाही मोठ्या प्रमाणावर येतो. तो कर्नाटकचा म्हणून विकण्यात काहीच गैर नाही. मात्र तोच आंबा देवगड किंवा रत्नागिरी छापलेल्या पेटीत भरून विकला, तर ग्राहक फसतो आणि कोकणातील बागायतदाराचा दर पडतो. हे रोखण्याचा कायदेशीर आधार म्हणजे भौगोलिक मानांकन, अर्थात जीआय.

मानांकन कोण देते?
भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 चा असून तो 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. देशभरातील नोंदणी चेन्नई येथील भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात होते. मानांकन एका शेतकऱ्याला मिळत नाही. उत्पादकांची संस्था किंवा त्यांचे हित पाहणारी संस्था अर्ज करते. अर्जात उत्पादनाचे वेगळेपण, लागवडीची पद्धत, इतिहास आणि क्षेत्राचा नकाशा द्यावा लागतो.

नोंदणीचे टप्पे
- कार्यालयाकडून अर्जाची छाननी आणि तज्ज्ञांच्या गटाकडून तपासणी होते.
- स्वीकारलेला अर्ज जीआय जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो.
- प्रसिद्धीनंतर तीन महिन्यांत हरकत घेता येते. विनंती केल्यास आणखी एक महिना मिळू शकतो.
- हरकत नसल्यास किंवा ती फेटाळल्यास नोंदणी होते. मुदत 10 वर्षे असून पुढे नूतनीकरण करता येते.

हापूसला हे मानांकन ऑक्टोबर 2018 मध्ये मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. पुढे गुजरातमधून ‘वलसाड हापूस’ या नावासाठी अर्ज झाला, त्याला कोकणातील उत्पादकांनी विरोध केला. जर्नलवर लक्ष ठेवणे उत्पादक संस्थांसाठी का गरजेचे आहे, ते यावरून कळते.

बाग कोकणात आहे, एवढे पुरत नाही
अनेक बागायतदारांचा असा समज असतो, की जिल्ह्याला मानांकन मिळाले म्हणजे आपल्यालाही मिळाले. तसे नाही. मानांकन वापरण्याचा कायदेशीर हक्क ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवल्यावरच मिळतो. त्यासाठी जीआय-3 या नमुन्यात अर्ज करावा लागतो. 2020 च्या नियमदुरुस्तीने त्याचे शुल्क 500 वरून 10 रुपयांवर आणले. कायद्यातील ‘उत्पादक’ या शब्दात प्रक्रिया करणारे, पॅकिंग करणारे आणि त्या मालाचा व्यापार करणारेही येतात. त्यामुळे त्यांनाही अर्ज करता येतो, मात्र माल मानांकित क्षेत्रातलाच हवा. हा हक्क विकता येत नाही, भाड्याने किंवा गहाणही देता येत नाही. नोंदणीधारकाच्या मृत्यूनंतर तो वारसाकडे जातो.

कारवाई कोण करते?
नोंदणी कार्यालय बाजारात तपासणी करत नाही. तक्रार उत्पादक संस्थेने किंवा अधिकृत वापरकर्त्याने करायची असते. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

1. दिवाणी: जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरील न्यायालयात दावा दाखल करून मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते.
2. फौजदारी: खोट्या मानांकनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. झडती व जप्तीचा अधिकार किमान उपअधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. त्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याचे मत घ्यावे लागते.

आंबा नाशवंत आहे आणि हंगाम मोजक्या आठवड्यांचा. म्हणून पुरावा हंगामाआधीच तयार ठेवावा लागतो.

बागायतदारांनी काय करावे?
- सातबारा किंवा बागेचा करार आणि ओळखपत्र घेऊन आपल्या उत्पादक संस्थेमार्फत अधिकृत वापरकर्ता नोंदणी करावी.
- प्रत्येक पेटीवर बागायतदाराचे नाव, गाव, नोंदणी क्रमांक आणि तोडणीची तारीख लिहावी.
- पाठवलेल्या पेट्यांची नोंद, वाहतुकीची पावती आणि अडत्याची पट्टी जपून ठेवावी.
- छापील रिकाम्या पेट्या विकू नयेत. बनावट माल बहुधा त्यातूनच जातो.
- संशयित पेटी आढळल्यास बिल घेऊन खरेदी करावी, छायाचित्र काढावे आणि संस्थेला व बाजार समितीला लेखी कळवावे.

देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर विशिष्ट क्रमांकाचे स्टिकर लावण्यास सुरुवात केली. त्यामुळे ग्राहकालाही फळ कोठून आले, याची खात्री करता येते.

हेही लक्षात घ्या
मानांकन नावाचे संरक्षण करते, वाणाचे नाही. हापूसची कलमे कोणीही कोठेही लावू शकतो. वाणाचे हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली येतात आणि त्याची नोंदणी वेगळी होते. कृषी सहायकांनी गावबैठकीत हा फरक स्पष्ट करावा आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत.