अंगचोर

कष्ट टाळणाऱ्याला मराठीत ‘अंगचोर’ म्हणतात. शब्द चपखल आहे आणि तितकाच अन्यायकारक. ज्याच्या अंगात काही उरलेलेच नाही त्याने चोरायचे काय, असा प्रश्न तो मनात येऊच देत नाही. दुर्बलतेचे कारण शरीरात शोधायचे की स्वभावात, हा वाद जुना आहे. त्याचा एक अंक नाशिकशी निगडित आहे.

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे पेशाने नेत्रवैद्य. पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये ते इटलीत थांबले, मुसोलिनीला भेटले, तेथील बलिल्ला संघटनेतील मुलांची कवायत पाहून प्रभावित झाले. पुढे १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. हिंदू समाज दुबळा झाला आहे आणि लष्करी शिस्त हा त्यावरचा उपाय आहे, हे त्यांचे निदान. यामागची सल खोटी नव्हती. ‘लढाऊ’ आणि ‘बिगरलढाऊ’ अशी जातींची प्रतवारी इंग्रजांनी केलीच होती. तरीही समाजाला देह कल्पून त्याला औषध सुचविणे हे रूपक झाले. ते वैद्याने वापरले म्हणून वैद्यक होत नाही.

योगायोग असा की, १९३१ च्याच जूनमध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिकेचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक का पडतात, धाप लागून का मरतात, याचा शोध त्या १९२८ पासून घेत होत्या. जंतू सापडला नाही. सापडला निकृष्ट आहार. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे साधे मार्माइट, दिल्यावर त्या स्त्रिया सुधारल्या. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. येथे रुग्णाच्या शीलाची चौकशी करावी लागली नाही, ताटाची करावी लागली.

मराठी वैचारिक गद्याने बलोपासनेवर किती लिहिले! या ताटावर त्या मानाने फारच थोडे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. कारणे अनेक: लोहाची उणीव, जंत, हिवताप, लागोपाठची बाळंतपणे. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर नष्ट होतात, आणि माणूस वरकरणी धडधाकट दिसत असताना आतून थकलेला असतो. याच भागातून मजूर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. बांधावर टेकलेल्या बाईला मुकादम कोणता शब्द वापरत असेल, हे सांगायला नको.

आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या गोळीत आता लोहाबरोबर फोलिक आम्लही असते. तिने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून पुष्कळ जणी ती मध्येच सोडतात. मग त्यांना निष्काळजी म्हटले जाते.