ठोकळ्यांच्या पेटीची कुळकथा

"मावशी, परीक्षा नव्हतीच. गेम होता." मुंबईतल्या चारकोपच्या बैठ्या घरांमधल्या एका समुपदेशकाच्या खोलीतून भाचा बाहेर आला तो हे सांगतच. शाळेने रिपोर्ट मागितला होता, म्हणून आय.क्यू. टेस्ट. दार उघडं होतं तेवढ्यात टेबलावरची पेटी दिसली: लाल, पांढरे, अर्धे लाल-अर्धे पांढरे ठोकळे, कडा झिजून गुळगुळीत झालेले. "ताई आकडे सांगतात, आपण उलटे म्हणायचे," तो म्हणाला आणि रिक्षात बसेपर्यंत माझीच परीक्षा घेत राहिला. पाच आकड्यांना मी गारद.

या पेटीचं नाव मिसिक. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली, 1969 ची. अकरा उपचाचण्या: सहा बोलून द्यायच्या, पाच हातांनी करायच्या. मूळ डेव्हिड वेक्स्लर यांची 1949 ची अमेरिकी चाचणी. पण वेक्स्लरनीही बरंचसं सामान इकडून तिकडून गोळा केलेलं. ठोकळे सॅम्युएल कोह्स यांचे, 1920 च्या सुमाराचे. त्यांनी ते बाजारातल्या खेळण्यावरून उचलले. भूलभुलैये मेलबर्नच्या स्टॅन्ली पोर्टियस या शिक्षकाचे, 1914 चे. आणि आकड्यांचा खेळ सगळ्यांत जुना: 1887 मध्ये लंडनमध्ये जोसेफ जेकब्ज यांनी शाळकरी मुलींवर करून पाहिलेला. हेच जेकब्ज पुढे परीकथांचे संग्राहक म्हणून गाजले, 1892 मध्ये भारतीय परीकथांचंही पुस्तक काढलं.

उसनं सामान आणणं सोपं, बसवणं कठीण. ठोकळ्याला भाषा नसते, प्रश्नाला असते. भाषांतर केलं की अवघड शब्द सोपा होतो, सोपा अवघड. मग सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रमच कोसळतो, तो मुलांवर तपासून पुन्हा लावावा लागतो. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची फ्रेंच बुद्धिमत्ता चाचणी स्टॅनफर्डमधल्या अमेरिकी आवृत्तीच्या वाटेने कन्नड आणि मराठी मुलांपर्यंत आणली, त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 चं. तिथेही दुखणं हेच. मालिन यांनी तर चित्रं क्रमाने लावायची वेक्स्लरची एक उपचाचणी सरळ गाळूनच टाकली.

शेवटची पायरी मोजपट्टीची. मुलाने किती गुण मिळवले याला एकट्याने अर्थ नाही; त्याच्या वयाची मुलं सरासरी किती मिळवतात, त्यावर आय.क्यू. ठरतो. म्हणून आधी खूप मुलांना बसवायचं, मग एकाला मोजायचं. पण मोजपट्टीही जुनी होते. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवलं, की अमेरिकेत दर दशकाला सरासरी सुमारे तीन गुणांनी वर सरकत होती. आपल्या पेटीची मोजपट्टी ज्या मुलांवरून ठरली, ती साठच्या दशकातली. तेव्हा चारकोप खाडीकाठचं गाव होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे प्लॉट पाडले ते 1985 नंतर. तरी 2018 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी मिसिकचं नाव होतंच.

रिपोर्ट आठवड्याने आला. त्यात तीन आकडे: बोलण्याचा, हातांचा आणि दोघांची सरासरी. हातांचा बराच वर होता. बहिणीने फक्त तिसरा वाचला आणि विचारलं, "हा कुणाच्या मानाने गं?"