श्रवण आणि वाचन : मराठी बायबलच्या रूपनिवडीचा इतिहास

मराठी बायबलचा इतिहास आजवर प्रामुख्याने शब्दनिवडीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणते भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक संहितेशी अधिक निष्ठ, कोणते अधिक सुबोध आणि कोणाचे मराठी ‘मिशनरी’ वळणाचे, हे प्रश्न अभ्यासकांनी वारंवार उपस्थित केले. ते अप्रस्तुत नाहीत. परंतु त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे : ही संहिता डोळ्यांनी, एकट्याने आणि मुकाट्याने वाचली जाते. मराठीतील चार शतकांचा अनुभव या गृहीताला छेद देतो. प्रत्येक भाषांतरकाराने शब्दांच्या आधी एक निर्णय घेतलेला दिसतो. ही संहिता कोणापर्यंत पोहोचणार आणि ती त्यांच्या कानी पडणार की हाती जाणार, हा तो निर्णय होय.

खुद्द बायबलमध्ये श्रवण हीच ग्रहणाची मूळ रीत आहे. अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात दर सातव्या वर्षी पुरुष, स्त्रिया, मुले आणि उपरे अशा सर्वांसमोर नियमशास्त्र वाचून दाखविण्याची आज्ञा आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून वाचतो आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ उकलून सांगतात. प्रेषितांच्या कृत्यांमधील कूशी अधिकारी रथात एकटाच वाचत असतो. पण त्याचे वाचन फिलिप्पाला ऐकू येते, कारण ते मोठ्याने चाललेले असते. लगेच प्रश्न येतो तो समजण्याचा : वाचतोस ते तुला कळते का? पठण आणि अर्थबोध या दोन भिन्न क्रिया आहेत, याची जाणीव संहितेलाच आहे. मराठीतील रूपनिवडीचा इतिहास या दोहोंमधील अंतराभोवती फिरतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ काटेकोर अर्थाने भाषांतर नव्हे. ते बायबलकथेचे पुनर्कथन आहे. यामागे केवळ कविप्रकृती नव्हती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये व्हल्गेट ही लॅटिन संहिता प्रमाण ठरविली होती. अशा काळात लोकभाषेत कथा सांगण्यास पुराणाचे रूप मोकळे होते. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे तर सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्याजोगे काहीच उरले नव्हते. या पोकळीचे भान ग्रंथाच्या आरंभीच व्यक्त झाले आहे. स्टीफन्स यांनी ती पोकळी ओवीने भरली.

देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने हा ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. म्हणजे लिपी परकी आणि छंद मात्र घरचा. हा विरोधाभास श्रोत्याला जाणवण्याचे कारण नव्हते. लिपीशी संबंध वाचणाऱ्या एकाचा. ऐकणाऱ्या समुदायापर्यंत पोहोचत होती ती ओवी. पहिल्या मुद्रणाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हस्तलिखितांच्या आणि पठणाच्या आधाराने ग्रंथ टिकला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला, त्यानंतरही तो टिकला; आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली. छापील प्रत नष्ट झाली आणि कानावरची संहिता उरली, हे मुद्रणाला स्थैर्याचा पर्याय मानणाऱ्या वाङ्मयेतिहासाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात हे समीकरण पालटले. विल्यम कॅरी यांच्या नेतृत्वाखाली श्रीरामपूर येथे १८११ मध्ये मराठी नवा करार मोडी लिपीत छापला गेला. ही निवड वरवर व्यवहार्य होती. पत्रव्यवहार, जमाखर्च आणि दफ्तर मोडीतच चाले, त्यामुळे साक्षर मराठी माणसाच्या हाताला तीच लिपी सरावाची होती. परंतु पोथी बाळबोध लिपीत लिहिली जाई. मोडीतील शुभवर्तमान वाचता आले, तरी दृष्टीला ते कागदपत्र वाटणार, पोथी वाटणार नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार काढला तो बाळबोध लिपीत. लिपीचा हा बदल म्हणजे निव्वळ मुद्रकाची सोय नव्हती. ग्रंथाने कोणत्या वर्गात बसावे, याविषयीचे ते अर्थनिर्णयन होते. याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी यांनी उमेदवारी केली आणि पुढे निर्णयसागर उभा केला. बायबलसाठी घडलेली अक्षरकला अशा रीतीने संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणापर्यंत पोहोचली.

छापील बायबलने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे वचनांचे क्रमांक. अध्यायविभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन यांच्या १५५१ च्या आवृत्तीतले. क्रमांकांमुळे संहिता उद्धृत करण्याजोगी, वादात पुराव्यादाखल मांडण्याजोगी होते. मात्र याच क्रमांकांमुळे सलग कथा सुट्या वाक्यांत विखुरते. ऐकणाऱ्याला क्रमांक नसतात. त्याला प्रसंग असतो.

श्रवणाची ही बाजू मांडताना त्याचा गौरव करण्याचा मोह होतो. त्या मोहाला सर्वांत समर्थ उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. बालपणी आणि तरुणपणी तीर्थक्षेत्रांतून फिरत रमाबाईंनी स्वतः पुराणे सांगितली. श्रोत्यांना संस्कृत कळत नसे. ऐकल्याने पुण्य लाभते या श्रद्धेने लोक येत, दक्षिणा ठेवत आणि जात. या अर्थशून्य श्रवणाचे वर्णन त्यांनी आपल्या १९०७ च्या आत्मकथनात केले आहे. म्हणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर श्रोता नव्हता. वाचायला शिकणारी स्त्री होती. हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा वाहणारे संस्कृत शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह आणि वाक्यरचनेतील मूळनिष्ठा यांमुळे हे मराठी अनेकांना रूक्ष वाटले. परंतु नादमाधुर्य अर्थाची जागा कशी घेते, हे ज्या लेखिकेने व्यासपीठावरून पाहिले होते, तिची रूक्षता ही वाङ्मयीन उणीव म्हणून निकालात काढता येत नाही. तो नादाविषयीचा जाणता संशय आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडला. तो छापण्याचे कामही तेथील स्त्रियांच्या हातून झाले होते.

याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक नेमक्या विरुद्ध दिशेने निघाले होते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील ख्रिस्ती समाजात महार-मांग जातींतून आलेली निरक्षर माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्यासाठी कीर्तन, अभंग आणि भजन हेच ग्रंथ होते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीत आरंभिले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांच्यानंतर तीन शतकांनी ओवी परतली, पण या वेळी ती भाषांतराच्या अभावी नव्हे, तर संपूर्ण छापील बायबल हाताशी असताना. रमाबाई आणि टिळक यांच्यात डावे-उजवे करणे निरर्थक आहे. ज्यांना ऐकूनही कळू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी एकाने वाचन निवडले. ज्यांना वाचू दिले गेले नव्हते त्यांच्यासाठी दुसऱ्याने श्रवण.

आज मराठी वाचकासमोर पर्याय अनेक आहेत. प्रॉटेस्टंट परंपरेची ६६ पुस्तकांची संहिता आणि कॅथलिक परंपरेची ७३ पुस्तकांची. ‘बाप्तिस्मा’ म्हणणारी भाषा आणि ‘स्नानसंस्कार’ म्हणणारी भाषा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. शिवाय भ्रमणध्वनीवर ऐकता येणारे ध्वनिमुद्रित पाठ. यांपैकी चांगले कोणते, असे विचारताना कशासाठी, हे सांगावे लागेल. तौलनिक अभ्यासाला मूळनिष्ठ भाषांतर आणि टीपा हव्यात. उपासनेत मोठ्याने वाचायला श्वासाच्या मापाचे वाक्य हवे.

ध्वनिमुद्रण तटस्थ असते, असेही समजण्याचे कारण नाही. लूकच्या तेविसाव्या अध्यायात क्रुसावरील येशू शेजारच्या अपराध्याला सुखलोकाचे आश्वासन देतो. तेथील ‘आज’ हा शब्द आश्वासन देण्याच्या क्षणाशी जोडायचा की सुखलोकातील प्रवेशाशी? प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हांची आजच्यासारखी व्यवस्था नाही. छापणाऱ्याला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते ठरवावे लागते, वाचणाऱ्याला थांबायचे कुठे ते. योहानाच्या अठराव्या अध्यायातील पिलाताचा सत्याविषयीचा प्रश्न कागदावर उपरोध, थकवा किंवा जिज्ञासा यांपैकी काहीही असू शकतो. आवाजात मात्र त्यातले एकच उरते. छापील पानावर जी संदिग्धता वाचकाच्या वाट्याला येते, ती ध्वनिमुद्रणात पठण करणाऱ्याने आधीच मिटविलेली असते. पुराणिकाचे स्थान आज यंत्राआडच्या आवाजाने घेतले आहे, आणि रमाबाईंचा संशय त्यालाही लागू पडतो.

मराठी समीक्षेने बायबलच्या भाषांतरांना वाङ्मयेतिहासाच्या कडेला ठेवले, ते बहुधा त्यांचे मराठी अवघडलेले आहे या कारणास्तव. हा निवाडा मूक वाचनाच्या कसोटीवर दिलेला आहे. ‘ख्रिस्तपुराण’ गाऊन, ‘ख्रिस्तायन’ ऐकून आणि रमाबाईंची संहिता नुकतीच अक्षरओळख झालेल्या वाचकासोबत बोट ठेवून वाचून पाहिल्याखेरीज तो कायम करता येणार नाही.