सुलतान बाजार आणि मताचा कागद

मंडळी, परवा कुणीतरी विचारलं, "जुन्या काळी सभा सुलतान बाजारातच का व्हायच्या?" म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

आज जिथे आपण साड्यांसाठी घासाघीस करतो, तो पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीतला. निजामाच्या हद्दीत सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागे. इथे तो कायदा चालत नसे. पलीकडे तोंड मिटून बसलेला माणूस चार पावलं चालून इकडे आला की बोलू शके. इंग्रजांची मेहेरबानी नव्हे हो, हद्दीतली फट होती ती! १९३३ मध्ये बाजार निजामाकडे परत गेला आणि फट बुजली. बोलायची सवय मात्र लागली ती लागलीच.

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली. पुढच्याच वर्षी सरकारने 'सुधारणा' जाहीर केल्या. काय होत्या? प्रतिनिधी वस्तीनुसार नाही, धंद्यानुसार! जहागीरदारांचा वेगळा, वकिलांचा वेगळा, व्यापाऱ्यांचा वेगळा. म्हणजे गल्लीतली बाई, जिचा धंदा म्हणजे चूल, तिला कोण विचारणार? १९४६ मध्ये त्या पद्धतीने निवडणूक झाली, तेव्हा स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला. मला तो बहिष्कार बरोबर वाटतो. मत नको म्हणून नव्हता तो, खरं मत हवं म्हणून होता.

ते खरं मत आलं १९५२ ला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागा. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याचं चिन्ह. कागदावर शिक्का मारायचा नाही, कागद नुसता पेटीत टाकायचा. आमची आजी सांगायची, पेट्यांपुढे उभी राहिल्यावर तिला पहिली शंका आली ती ही की 'घरच्यांना' विचारायला बाहेर जाता येईल का! नाही म्हटल्यावर स्वतःच ठरवलं. कुणाच्या पेटीत टाकलं ते आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि बरं का, त्या विधानसभेत मराठीतही भाषणं होत. विरोधी पक्षनेतेच मुळी मराठी, व्ही. डी. देशपांडे, निवडून आलेले तेलंगणातून.

आता आपलं बघा. डिसेंबर २०२० च्या महापालिका निवडणुकीत शहराचं मतदान ४६ टक्क्यांच्या आसपास. आळस आहेच, नाही कशाला म्हणा. पण निम्मी मराठी घरं कोठी-सुलतान बाजार सोडून कुकटपल्ली, मियापूरला गेली आणि नावं राहिली जुन्या वाड्याच्या पत्त्यावर. मतदानाच्या दिवशी एवढ्या लांब कोण येतं? पत्ता बदलायला फॉर्म ८ असतो, ऑनलाइन भरता येतो. नवीन अठरा पूर्ण झालेल्यांना फॉर्म ६. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी मला फोन करा, आधारकार्ड हाताशी ठेवा.